हंडा कोठें ठेवावयाचा?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं एक काम अंगावर घेतलें, आणि तें करतांना आमची जी फजिती झाली तिची हकीकत या अंकाच्या वाचकांस सांगावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें. फजिती दुसऱ्या कोणाची असती तर ती मीठमसाला लावून सांगितली असती. आपलीच असल्यामुळें जशी घडली तशी सांगतों.

कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके पावसाबद्दल प्रसिद्ध आहेत. माथेरानच्या डोंगरावर वर्षाकाठीं ५००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. मारवाडांतील जोधपूर शहरास ३५० मिलिमीटर मिळाला तरी तें वर्ष बरें गेलें असें तेथील लोक म्हणतात. म्हणजे आमच्या वांट्यास मारवाडाच्या चौदापट पाणी! असें असतां होळी झाली कीं आमच्याच डोंगरवाड्यांतील ठाकर व कातकरी बायका हंड्यावर हंडा चढवून मैल मैल चालूं लागतात. ओढ्याच्या कोरड्या पात्रांत खड्डा खणतात आणि त्यांत झिरपणारें पाणी वाटीवाटीनें भांड्यांत भरतात. या प्रांताचा खडक काळा पाषाण. त्याच्या पोटांत पाणी फारसें मुरत नाहीं. चार महिने जें कोसळतें तें उतारावरून धांवत समुद्राला मिळतें. कोसळतांना तें माणसांचीहि गय करीत नाहीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडीवर दरड आली. ती रात्र येथें कोणी विसरलेला नाहीं. आषाढांत ज्या डोंगराची भीति वाटते त्याच डोंगरावर वैशाखांत घोटभर पाणी मिळत नाहीं, असा हा मुलूख आहे.

अशाच एका ठाकरवाडीची विहीर आम्हांस रंगवावयाची होती. वाडीचें नांव येथें देत नाहीं. तेथील माणसांनीं आम्हांस ओटीवर बसवून कोरा चहा दिला, तो नांव छापून घेण्यासाठीं दिला नव्हता. झालें होतें असें कीं, कांहीं सज्जनांनीं वर्गणी जमवून त्या विहिरीचा मोडका कठडा पाडला व नवा बांधून दिला. नवी भिंत उंच, गुळगुळीत आणि पांढरी शुभ्र होती. चित्रकला शिकविणाऱ्या माणसास असली भिंत दिसणें म्हणजे मांजरास दुधाचें पातेलें उघडें दिसण्यासारखें आहे. 'या प्रांताच्या पाण्याचा इतिहास' त्या भिंतीवर चितारावा अशी कल्पना निघाली, आणि ती कोणाच्या तोंडून प्रथम निघाली याविषयीं वाद असला तरी आमच्याच तोंडून निघाली असावी असें आतां वाटतें.

हल्लीं देशोदेशीं कलेचा एक प्रकार रूढ होत आहे. चित्र किंवा शिल्प कलादालनांत न ठेवतां गांवच्या उघड्या जागीं करावयाचें, आणि तेंहि त्या जागेचा स्वभाव व पूर्वेतिहास पाहून. इतकें कीं तें उचलून दुसरीकडे नेलें तर त्याचा अर्थच राहूं नये. जीं शहरें पाण्यावांचून तळमळलीं त्यांच्या जुन्या विहिरी व तळीं यांच्याभोंवतीं असें काम विशेष शोभतें. आम्हीं हें सर्व वाचलें होतें. वाचलेलें करून पाहण्याची संधि आयतीच चालून आली होती. नववीच्या वर्गांतील आठ मुलेंमुली बरोबर घेतलीं आणि इतिहास रंगवावयाचा तर तो आधीं डोळ्यांनीं पाहिला पाहिजे, म्हणून पहिल्या दिवशीं खोपोलीस गेलों.

खोपोली हें बोरघाटाच्या पायथ्याचें गांव. येथें नाना फडणविसांनीं महादेवाचें देऊळ व त्यालगत मोठें दगडी तळें बांधलें. नाना १८०० सालीं वारले. तेव्हां हें काम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील हें उघड आहे. घाटाखालून पुण्यास जाणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक लमाणाचा बैल, प्रत्येक पालखीचा भोई येथें थांबणार. पुढें अवघड चढण, मागें कोंकणचा उकाडा. अशा नेमक्या जागीं हें तळें आहे. नानांच्या राजकारणाविषयीं इतिहासाच्या तासाला पुष्कळ बोलावें लागतें. परंतु तहानेल्या बैलाला पाणी कोठें हवें असतें हें ज्यास कळलें, त्याच्याविषयीं कोणी फारसें बोलत नाहीं.

मुलें कांठावर बसून चित्रें काढूं लागलीं. आम्ही त्यांस पायऱ्यांचें मर्म समजावून सांगत होतों. भाद्रपदांत पाणी वरच्या पायरीला लागतें. मग महिन्यामहिन्यानें तें एकेक पायरी खालीं उतरतें, आणि माणूसहि त्याच्यामागोमाग उतरतो. बांधणाऱ्यानें भरलेलें तळें तेवढेंच डोळ्यांपुढें ठेवलें नाहीं, आटत जाणारेंहि ठेवलें. इतकें सांगून झाल्यावर एका मुलानें विचारलें, "पण सर, यांत चित्र कोठें आहे? आपण तर चित्रासाठीं आलों." आम्हीं मोठ्या ऐटींत उत्तर दिलें कीं हें संपूर्ण तळेंच चित्र आहे, उपयोग आणि सौंदर्य येथें वेगळीं काढतांच येत नाहींत. उत्तर चांगलें होतें. आठ दिवसांनीं तेंच आमच्या अंगावर उलटणार आहे याची मात्र कल्पना नव्हती.

तळ्याच्या कांठावरून मान वर केली कीं घाट दिसतो, आणि या घाटावरून दुसरेंहि एक पाणी खालीं येतें. लोणावळें, वळवण आणि शिरवटें येथें टाटांनीं धरणें बांधून पावसाचें पाणी अडविलें, तें मोठमोठ्या नळांतून सुमारें ५०० मीटर खालीं आणलें आणि १९१५ सालीं खोपोलीस त्यावर वीज तयार होऊं लागली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. १९२२ सालीं असेंच दुसरें केंद्र कर्जत तालुक्यांत भिवपुरीस सुरू झालें; त्याचें पाणी ठोकरवाडीच्या धरणाचें. मुलांस यांतील सर्वांत मौजेची गोष्ट वाटली ती ही कीं, हें पाणी मूळचें पूर्वेकडचें. तें इंद्रायणी-भीमेच्या वाटेनें कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागरांत जावयाचें. माणसानें त्यास घाटाच्या कड्यावरून पश्चिमेस वळविलें. खोपोलीचें पाणी वीज देऊन झाल्यावर पाताळगंगेंत उतरतें, भिवपुरीचें पेज नदींतून उल्हासेस मिळतें. भर मे महिन्यांत या नद्या वाहत्या दिसतात, पाताळगंगेकांठचे कारखाने चालतात, कर्जताकडे राजनाल्याच्या कालव्यावर उन्हाळी भात डोलतो, तें या उसन्या पाण्यामुळें. शिवाय चौकाजवळ धावरी नदीवर मोरबे धरण आहे. त्याचें पाणी नवी मुंबई पिते.

इतकें पाणी या दोन तालुक्यांतून इकडून तिकडे जातें! परंतु तें सारें खोऱ्यांतून जातें, आणि वाड्या आहेत डोंगराच्या खांद्यावर. पाण्याला चढतां येत नाहीं. म्हणून चढण बाईच्या वांट्यास येते.

दुसऱ्या दिवशीं कोंढाण्याच्या लेण्यांस गेलों. (पुण्याजवळचा सिंहगड तो कोंढाणा हा नव्हे, हा कोंडिवड्याजवळचा, राजमाचीच्या पोटांतला.) उल्हास नदी जेथून निघते त्या खोऱ्यांत, गर्द रानांत, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं बौद्ध भिक्षूंनीं हीं लेणीं खोदविलीं. आम्ही पूर्वीं एकदां भर श्रावणांत तेथें गेलों होतों. त्या वेळीं वरच्या कड्यावरून धबधबा सरळ चैत्याच्या तोंडापुढें पडत होता, आणि पाण्याच्या पडद्याआडून दगडाची ती कमान पाहतांना कोणते हात मोठे, माणसाचे कीं पाण्याचे, हें ठरवितां येईना. आतां वैशाखांत पडदा नव्हता. दगडावर नुसता काळा ओघळ उरला होता. एका भग्न मस्तकाशेजारीं एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, एवढाच तिचा अर्थ. राजाचें नांव नाहीं, दात्याचें नाहीं. शिष्य आणि गुरु यांचें तेवढें आहे. आमच्या मुलांस बलक फार आवडला. "आपणहि भिंतीवर नांवें घालायचीं का, सर?" असें त्यांनीं लगेच विचारलें. आधीं काम तर करा, असें सांगून आम्हीं तो प्रश्न टाळला.

पेठच्या किल्ल्याचीं, म्हणजे कोथळीगडाचीं, खडकांत खोदलेलीं टाकीं, महडच्या वरदविनायकाचें तळें (त्याची मूर्ति १६९० सालीं याच तळ्यांत सांपडली असें सांगतात), माथेरानचा शार्लोट तलाव, इतकें पाहतां पाहतां आठवडा संपला. वह्या भरल्या. आमचेंहि मन भरून आलें होतें, आणि अशा वेळीं माणूस जरा जास्त बोलतो. संध्याकाळीं मुलांस आम्हीं जोधपूरची गोष्ट सांगितली.

तेथें आम्ही एकदां गेलों होतों. तुरजी का झालरा नांवाची एक पायविहीर तेथें आहे. १७४० च्या सुमारास महाराजा अभयसिंहाच्या राणीनें ती बांधविली. तांबूस दगडाच्या पायऱ्यांच्या रांगा चहूंकडून आंत उतरत जातात, आणि भिंतींत हत्ती व इतर आकृति कोरलेल्या आहेत. मारवाडांत पाण्याची सोय पाहणें हा राजघराण्यांतील स्त्रियांचा मान असे. पुढें नळ आले, लोकांची पाठ फिरली, आणि ही विहीर कित्येक वर्षें गाळानें व घाण पाण्यानें भरून राहिली. गेल्या दहापंधरा वर्षांत ती साफ झाली. आम्ही गेलों तेव्हां गांवचीं पोरें उंच कांठावरून तींत धडाधड उड्या टाकीत होतीं. वाळवंटांतल्या माणसास पाणी दुर्मिळ, म्हणून तो पाण्याभोंवतीं हत्ती कोरतो. आम्हांस चार महिने छत्री आवरत नाहीं, म्हणून आमच्या विहिरींचे कांठ ओबडधोबड राहिले. आतां आपण आपले हत्ती कोरूं, असें कांहींसें आम्हीं त्या रात्रीं मुलांस सांगितलें. मुलांच्या डोळ्यांत झोंप होती तरी त्यांनीं माना डोलावल्या.

नंतर वाडीवर गेलों. पहांटेस पोंचून खडूनें रेघा आंखल्या. एका अंगास बलक छिन्नी चालवीत बसलेला, मग नानांचें तळें व त्यावर पाणी पिणारे बैल, मग घाटावरून उतरणारे नळ, मग मोरब्याची भिंत, आणि या सर्वांवरून वाहत जाणारी एक निळी नागमोडी रेघ. रचना साधली होती; आजहि ती वाईट होती असें आम्हांस वाटत नाहीं.

बायका पाण्यास येऊं लागल्या. मुलांच्या डब्यांना धक्का न लागूं देतां त्या पोहरा सोडीत, हंडा भरीत आणि जात. एक म्हातारी मात्र हंडा भरून झाल्यावर जागची हलली नाहीं. ती विहिरीशेजारच्या आंब्याच्या मुळीवर बसून आमच्याकडे पाहत राहिली. तिला चित्र आवडलें आहे असें समजून आम्ही जवळ गेलों आणि विचारलें, "काय आजी, कसें काय वाटतें?"

ती म्हणाली, "चितार बरा हाय, मास्तर. पन हंडा कुठं ठिवायचा?"

आम्हांस वाटलें, चित्रांत हंडा काढावयाचा राहिला असें ती म्हणते. "काढूं कीं! येथें या कोपऱ्यांत एक बाई हंडा घेऊन उभी दाखवूं," असें आम्हीं सांगितलें. म्हातारी हंसली नाहीं. तिनें उठून भरलेला हंडा दोन्ही हातांनीं जमिनीवरून थोडा उचलून दाखविला, आणि पुन्हां खालीं ठेवला. मग ती स्वस्थ बसली. थोड्या वेळानें दुसरी एक बाई आली. तिनें हात दिला. दोघींनीं मिळून हंडा म्हातारीच्या डोक्यावर चढविला, आणि म्हातारी चालूं लागली. ती चित्र पाहत नव्हती. हात देणाऱ्या माणसाची वाट पाहत होती.

मग दुसरीनें उलगडा केला. जुना कठडा मोडका खरा, पण रुंद होता. कमरेइतका उंच, मोठमोठ्या धोंड्यांचा. पोहऱ्यानें पाणी काढावें, कठड्यावरच हंडा भरावा, खाली वांकून खांदा लावावा किंवा तेथूनच उचलून चुंबळीवर घ्यावा. एकट्या बाईचें काम होत असे. नवा कठडा छातीइतका उंच, वीतभर रुंदीचा, आणि माथ्यावर गोल घोटलेला. त्यावर वाटी राहणार नाहीं. पंधरा लिटरांचा हंडा भरला कीं भांड्यासकट सोळासतरा किलोंचा होतो, आणि तो आतां थेट जमिनीवरून डोक्यापर्यंत न्यावयाचा. म्हणून बायका जोडीनें येतात. जोडी नसली कीं थांबतात. त्या म्हातारीची सून सातव्या महिन्यांत होती. आठवड्यापूर्वीं ती एकटी आली, कोणी भेटलें नाहीं, घरीं चूल खोळंबलेली, म्हणून तिनें हिसका देऊन हंडा उचलला आणि ओल्या दगडावर घसरली. हाताच्या कोंपरावर निभावलें. तेव्हांपासून तिच्या वांटचें पाणी म्हातारी भरीत होती.

ज्यांनीं भिंत बांधली ते सज्जन होते. पोर आंत पडूं नये म्हणून ती उंच केली, आणि कोणी वर बसून घाण करूं नये म्हणून माथा गोल केला. त्यांच्यावर काय रागवावें? आम्ही तर त्याच भिंतीवर पाण्याचा इतिहास काढीत होतों. दोन हजार वर्षें रंगवून झालीं होतीं, आणि समोरच्या बाईचा हंडा आमच्या नजरेस पडला नव्हता.

येथें आम्हांस स्वतःचें एक पाप सांगितलें पाहिजे. आमचें आजोळ खालापूर तालुक्यांतलें. तेथें परसांत विहीर होती आणि तिच्या कांठाशीं एक काळा सपाट दगड होता. त्या दगडावर दोन वाटोळे खळगे होते. एक मोठा, एक लहान. मोठ्यांत आजीचा हंडा नेमका बसे, लहानांत कळशी. आम्ही लहानपणीं त्या खळग्यांत पाणी सांचवून त्यांत पानांच्या होड्या सोडीत असूं. भांडीं ठेवून ठेवून दगड झिजला आहे, अशीच आमची समजूत. १९९४ सालीं गांवांत नळ आले. मामांनीं आम्हांस बोलावून विचारलें कीं विहिरीवर लाद्या टाकून जागा मोकळी करावी काय. आम्ही नुकतेच चित्रकलेची परीक्षा उत्तीर्ण झालों होतों. जुन्या वस्तु जतन कराव्या यावर निबंध लिहिला होता. तरीहि आम्हीं 'करा' म्हणून सांगितलें. तो दगड फोडून कुंपणाच्या पायांत घातला. आजी त्या वेळीं हयात होती. ती कांहीं बोलली नाहीं. फक्त पुढें कित्येक दिवस नळाचें पाणी भरलें कीं हंडा कोठें टेकावा हें तिला उमजत नसे आणि ती तो हातांतच धरून क्षणभर उभी राहत असे. आम्हीं तें पाहिलें होतें. वय झालें, असें म्हटलें होतें.

त्या विहिरीचें आम्हीं परीक्षेसाठीं काढलेलें चित्र अजून आमच्यापाशीं आहे. वाडीवरून परत आल्यावर रात्रीं तें पेटींतून काढून पाहिलें. रहाट आहे, दोरानें कांठावर पडलेल्या खांचा आहेत, तुळशीवृंदावनहि आहे. त्या दगडाच्या जागीं मात्र आम्हीं सावलीचे चार फटकारे मारून वेळ मारून नेली आहे. खळगे नाहींत. ते झिजेचे नव्हतेच. कोणा पाथरवटानें ते हंड्याच्या बुडाचें माप घेऊन केले होते, हें चित्र पाहतां पाहतां त्या रात्रीं कळलें.

त्याच रात्रीं पूर्वीं वाचलेली एक गोष्ट आठवली. नवज्योत अल्ताफ नांवाच्या मुंबईच्या नामांकित चित्रकर्त्री. गेल्या शतकाच्या अखेरीस त्या बस्तरांत कोंडागांवाकडे जाऊं लागल्या आणि तेथील आदिवासी शिल्पकारांबरोबर काम करूं लागल्या. गांवांत फिरतां फिरतां हातपंपांभोंवतींचा चिखल व बायकांचे हाल त्यांच्या पाहण्यांत आले. मग त्या सर्वांनीं मिळून पंपांभोंवतीं ओटे व भिंती बांधल्या. त्यांस 'नळपार' असें म्हणतात. त्या भिंतींवर तेथील लोकांच्या खुणा व आकृति आहेत, पाणी वाहून जाण्यास वाट आहे, आणि भिंतींतच कोनाडे आहेत. बाई भांडें उचलून आधीं तेथें टेकवते, दम घेते, आणि तेथून डोक्यावर घेते. हें आम्हीं वाचलें होतें तेव्हां त्यांतील आकृतींचें वर्णन आम्हांस आवडलें होतें आणि कोनाड्यांचें वाक्य आम्हीं भरभर वाचून टाकलें होतें. वाचनाची ही रीत विद्यार्थ्यांनीं उचलूं नये.

दुसऱ्या दिवशीं मुलांस सर्व सांगितलें. दोघेतिघे हिरमुसले, बलकाचें तोंड सुरेख उतरलें होतें. परंतु ज्या मुलानें खोपोलीस 'चित्र कोठें आहे' म्हणून विचारलें होतें तो एकदम म्हणाला, "म्हणजे सर, आपण तळ्याची पायरी विसरलों." त्यास शाबासकी देणें भाग होतें, जरी ती देतांना आमचा चेहरा फारसा प्रसन्न नव्हता.

भिंत बांधणाऱ्या गृहस्थांस भेटलों. त्यांनीं ऐकून घेतलें, थोडा वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "आम्हीं कोणास विचारलेंच नाहीं हो." एका तासांत त्यांची संमति मिळाली, पुढें सिमेंटाचे पैसेहि त्यांनींच दिले. कर्जताहून एक गवंडी आणला. भिंत पाडावयाची नाहीं, तिला बाहेरून जोडून ओटे बांधावयाचे असें ठरलें. एका मुलीनें वहींत कोष्टक आंखून वाडींतल्या सगळ्या हंड्यांच्या बुडांचीं मापें घेतलीं. कोणत्या बाईची कंबर किती उंच, खांदा किती उंच, तेंहि सुतळीनें मोजलें. बायका हंसून हंसून दमल्या. त्या मापांवरून आम्हीं कमरेचा एक व खांद्याचा एक अशा दोन ओट्यांचा आराखडा काढला. म्हातारीनें तो पाहिला आणि गुडघ्याजवळ हात धरून विचारलें, "आनि पोरी?" दहा-अकरा वर्षांच्या मुली सुटींत पाण्यास येतात हें आमच्या कोष्टकांत नव्हतें. तिसरा, ठेंगणा ओटा त्यामुळें झाला.

खळगे कसे करावे याची चर्चा चालली होती. गवंडी म्हणे, गोल थाळी दाबून करूं. म्हातारी कांहीं न बोलतां घरीं गेली आणि आपला रिकामा हंडा घेऊन आली. ओल्या मसाल्यावर तिनें तो स्वतः ठेवला, दोन्ही हात कांठावर टेकून भार दिला, आणि अर्धा फेरा फिरवून उचलला. मग दुसरीनें आपला आणला, मग तिसरीनें. शेवटीं ओट्यांवर सात खळगे झाले. सून आंब्याखालीं उभी राहून पाहत होती. तिच्या कळशीचा खळगा तिच्या नणंदेनें केला.

राहिलेल्या भिंतीवर मुलांनीं निळी रेघ काढलीच. आम्हीं ना म्हटलें नाहीं. नांवेंहि मागच्या बाजूस घातलीं. आठहि जणांचीं, आणि आमच्या हरकतीस न जुमानतां आमचें.

ऑगस्टांत आम्ही पुन्हां वाडीवर गेलों. वाटेंत पावसानें सपाटून झोडपलें. सुनेस मुलगी झाली होती. म्हातारीनें तिला गोधडीसकट आणून दाखविली. विहिरीवर कोणी नव्हतें. या दिवसांत दारापुढून पाणी वाहतें, विहिरीकडे कोण जाणार? आम्ही एकटेच गेलों. मुलांचा रंग स्वस्तांतला होता. जूनच्या पहिल्या चार सरींनींच तो धुऊन नेला असावा. बलक नाहीं, निळी रेघ नाहीं, मागचीं नांवें शेवाळानें झांकलीं होतीं. ओटे मात्र स्वच्छ धुतले गेले होते. खळगे काठोकाठ भरले होते. म्हातारीच्या हंड्याच्या बुडास एका बाजूला पोचा आहे. तो पोचा तळाशीं पाण्यांतून जसाच्या तसा दिसत होता.